डायलिसिसवरील मुले आणि त्यांचे दात

घरातील एखादे मूल आजारी पडले की सारे घर आजारी पडते. त्यातही आजार मूत्रपिंडाचा असेल, आणि डॉक्टरांनी 'आता डायलिसिस करावे लागेल' असे सांगितले असेल, तर आई-वडिलांच्या डोळ्यांपुढे दुसरे काही उरत नाही. आठवड्यातून तीन वेळा रुग्णालयाच्या फेऱ्या, रक्ताच्या तपासण्या, पाणी मोजून देणे, औषधांची यादी, बुडणारी मजुरी आणि बुडणारी शाळा या धावपळीत मुलाच्या दातांकडे कोण पाहणार? 'दुधाचे दात आहेत, पडायचेच आहेत' असे म्हणून तो विषय बाजूला ठेवला जातो. दंतवैद्यही काही वेळा 'मूत्रपिंडाचा रुग्ण आहे, मोठ्या दवाखान्यात न्या' म्हणून मूल परत पाठवतात. अशा रीतीने मूल दोन्हीकडून राहून जाते.

प्रस्तुत लेखात आम्हाला सांगावयाचे आहे ते एवढेच की, डायलिसिसवरील मुलाच्या तोंडाची निगा ही चैनीची गोष्ट नसून त्याच्या मूत्रपिंडाच्या उपचाराचाच एक भाग आहे. एक किडलेली दाढ अशा मुलाचे प्रत्यारोपण लांबणीवर टाकू शकते. दातदुखीवर दुकानातून आणलेली एक साधी गोळी त्याची उरलीसुरली मूत्रपिंडाची शक्ती घालवू शकते. म्हणून हा विषय आपल्या सभासदांनी आणि विद्यार्थ्यांनी नीट समजून घ्यावा, अशी आमची इच्छा आहे.

मूत्रपिंड आणि डायलिसिस

आपल्या शरीरात दोन मूत्रपिंडे असतात. प्रत्येकात सुमारे दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात. रक्तातील युरिया, क्रिएटिनीन यांसारखी टाकाऊ द्रव्ये आणि जादा पाणी लघवीवाटे बाहेर टाकणे, हे त्यांचे काम सर्वांना ठाऊक आहे. पण याशिवाय आणखी कामे मूत्रपिंड करीत असते. रक्तातील तांबड्या पेशी तयार होण्यासाठी लागणारे एरिथ्रोपोएटिन नावाचे संप्रेरक ते बनवते. 'ड' जीवनसत्त्वाला ते कार्यक्षम रूप देते. कॅल्शियम व फॉस्फरस यांचा समतोल राखण्यातही त्याचा मोठा वाटा असतो. दात आणि हाडे यांचा मूत्रपिंडाशी संबंध येतो तो येथे.

लहान मुलांत हा आजार पुष्कळदा जन्मजात दोषांमुळे होतो. मूत्रपिंडांची वाढच नीट न होणे, मुलग्यांच्या मूत्रमार्गात जन्मतः पडदा असणे, लघवी मूत्राशयातून उलटी वर चढणे, ही त्याची काही कारणे. मूत्रपिंडांचे काम निरोगी माणसाच्या सुमारे पंधरा टक्क्यांच्या खाली आले म्हणजे आजार शेवटच्या टप्प्यात पोचला असे मानतात. मग डायलिसिस किंवा प्रत्यारोपण यांचा आधार घ्यावा लागतो.

डायलिसिसचे दोन प्रकार आहेत. पहिल्यात रक्त शरीराबाहेर काढून यंत्रातून शुद्ध करून परत सोडतात. याला हिमोडायलिसिस म्हणतात. १९४३ साली हॉलंडमध्ये डॉ. विलेम कोल्फ यांनी सॉसेज भरण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या सेलोफेनच्या नळ्यांपासून असे यंत्र बनवले, तेथून ही विद्या पुढे वाढली. हे डायलिसिस सामान्यतः आठवड्यातून तीन वेळा, दर खेपेस सुमारे चार तास चालते. यंत्रात रक्त गोठू नये म्हणून हेपॅरिन नावाचे औषध देतात. दुसऱ्या प्रकारात पोटाच्या आतील पातळ पडद्याचाच गाळणी म्हणून उपयोग करतात. पोटात नळीवाटे औषधी द्रव सोडून काही तासांनी तो बाहेर काढतात. हे काम शिकवल्यावर घरीच करता येते, म्हणून लहान मुलांसाठी हा प्रकार सोयीचा ठरतो.

आजाराच्या खुणा तोंडात कशा उमटतात?

अशा मुलाच्या तोंडात डोकावले तर आजाराच्या अनेक खुणा दिसतात.

पहिली खूण वासाची. रक्तात युरिया वाढला की तो लाळेतही उतरतो. तोंडातील जंतू त्याचे अमोनियात रूपांतर करतात. त्यामुळे तोंडाला उग्र वास येतो आणि मुलाला धातू चघळल्यासारखी चव लागते. वर्गातील मुले अशा मुलापासून दूर बसतात. तो दात घासत नाही, असा समज करून घेतात. हा वास आजाराचा आहे हे शिक्षकांनी व विद्यार्थ्यांनी लक्षात घेतले, तर त्या मुलाचा एक त्रास तरी कमी होईल.

दुसरी खूण हिरड्यांची. रक्तक्षयामुळे त्या फिकट दिसतात. रक्त थांबवणाऱ्या पेशींचे काम या आजारात मंदावते, त्यात हेपॅरिनची भर पडते, म्हणून हिरड्यांतून रक्त लवकर येते. रक्तदाब कमी ठेवण्यासाठी दिले जाणारे ॲम्लोडिपिन किंवा निफेडिपिन हे औषध काही मुलांत हिरड्या फुगवते. फुगलेल्या हिरडीखाली अन्न अडकते, घासताना रक्त येते, म्हणून मूल घासणे टाळते आणि हिरडी आणखी सुजते. येथे औषध आपल्या मनाने बंद करू नये. डॉक्टरांना हिरडी दाखवावी, ते औषध बदलायचे की नाही ते ठरवतात.

तिसरी खूण दाताच्या कवचाची. दाताचे वरचे कठीण कवच, म्हणजे एनॅमल, जबड्याच्या आत दात तयार होत असतानाच बनते. कायमच्या पटाशीच्या दातांचे आणि पहिल्या दाढांचे एनॅमल जन्मापासून पहिल्या चार-पाच वर्षांत बनत असते. या काळात मूल आजारी असेल, कॅल्शियम-फॉस्फरसचा समतोल ढळला असेल, तर त्या एनॅमलमध्ये खाचा, पांढरे किंवा तपकिरी डाग, आडव्या रेघा राहतात. दात सहाव्या-सातव्या वर्षी बाहेर येतात तेव्हा ती रेघ दिसते, पण ती उमटलेली असते कितीतरी आधी. एकदा बनलेले एनॅमल शरीर दुरुस्त करीत नाही. घासून हे डाग जात नाहीत आणि त्यासाठी मुलाला रागावण्यातही अर्थ नाही. दंतवैद्य अशा दातांवर संरक्षक थर देऊ शकतात.

चौथी खूण हाडांची. 'ड' जीवनसत्त्वाची कमतरता आणि वाढलेला फॉस्फरस यांमुळे जबड्याचे हाड ठिसूळ होते. काही मुलांचे दात हलू लागतात, तर काहींचे उशिरा येतात. दात काढताना दंतवैद्याला हे ठाऊक असणे आवश्यक असते.

कीड कमी, पण निर्धास्त होऊ नये

आता एक चमत्कारिक गोष्ट सांगतो. डायलिसिसवरील मुलांच्या दातांना, सर्वसाधारण मुलांच्या मानाने, कीड कमी लागते असे अनेक पाहण्यांत आढळून आले आहे. ही मुले गोड पदार्थ आणि गोड औषधे घेत असूनही असे का व्हावे?

दात किडण्याची क्रिया अशी आहे. दातावरच्या चिकट थरातील जंतू साखर खातात व आम्ल तयार करतात. आम्लता वाढून सामू साधारण ५.५ च्या खाली गेला की एनॅमल विरघळू लागते. युरियापासून तयार होणारा अमोनिया अल्कधर्मी असतो. तो या आम्लाला मारतो. म्हणजे जो युरिया शरीराला घातक, तोच दातांना काही काळ राखतो.

पण यात दोन अडचणी आहेत. एक तर, अशा तोंडात लाळेतील कॅल्शियम-फॉस्फेट दातांवर साठून किटण फार लवकर चढते. त्यामुळे हिरड्या बिघडतात. दुसरी अडचण अधिक मोठी. प्रत्यारोपण यशस्वी झाले की रक्तातील युरिया खाली येतो आणि दातांचे हे कवच नाहीसे होते. दात घासण्याची सवय नाही, गोड खाण्याची सवय आहे, एनॅमल आधीच कमजोर आहे, आणि त्यात प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे सुरू झालेली. मग कीड वेगाने वाढते. म्हणून 'याचे दात तर चांगले आहेत' असे समजून डायलिसिसच्या काळात निर्धास्त राहू नये. सवय लावायची ती याच काळात.

नेहमीचा सल्ला येथे जसाच्या तसा चालत नाही

शाळेतील दंत तपासणीत मुलांना सांगतात : दूध-पनीर खा, बिस्किटाऐवजी फळे खा, भरपूर पाणी प्या. निरोगी मुलासाठी हे योग्यच आहे. पण डायलिसिसवरील मुलाला दुधा-पनीरातील फॉस्फरस आणि केळी, मोसंबी, नारळपाणी यांतील पोटॅशियम अपाय करू शकते. जादा पोटॅशियमने हृदयाचे ठोके बिघडतात. पाणी तर त्याला मोजून मिळते. उलट, वजन वाढावे म्हणून आहारतज्ज्ञ काही वेळा साखर किंवा ग्लुकोज मुद्दाम द्यावयास सांगतात.

मग दात राखायचे कसे? साखरेचे प्रमाण आहारतज्ज्ञ ठरवतील, तिची वेळ मात्र आपण सांभाळू शकतो. गोड पदार्थ जेवणाबरोबर द्यावा. दिवसभर थोडे थोडे चघळू देऊ नये. गोड सरबत बाटलीतून घुटक्या-घुटक्याने पाजू नये. गोड औषध दात घासण्याच्या आधी द्यावे, झोपताना घासल्यानंतर नव्हे. त्याच औषधाचा साखरविरहित प्रकार किंवा गोळी मिळते का, हे डॉक्टरांना विचारावे. लोहाच्या पातळ औषधाने दात काळे दिसतात, ते वरवरचे डाग असतात आणि दंतवैद्य ते साफ करू शकतात.

तहान लागून तोंड कोरडे पडते, ही या मुलांची मोठी तक्रार. थंड पाण्याने चूळ भरून थुंकून टाकल्यास बरे वाटते. मोठ्या मुलांनी बिनसाखरेचे च्युइंगम चघळल्यास लाळ सुटते. बर्फाचा खडा दिला तर तो दिवसाच्या पाण्यात मोजावा.

घरी घ्यावयाची निगा

१) सकाळी आणि रात्री झोपण्यापूर्वी, अशी दोन वेळा मऊ ब्रशने दात घासावेत. रात्रीची वेळ चुकवू नये.

२) सात-आठ वर्षांपर्यंत मोठ्या माणसाने स्वतः मुलाचे दात घासून द्यावेत. लहान मुलाचा हात मागच्या दाढांपर्यंत पोचत नाही.

३) फ्लोराइडयुक्त पेस्ट वापरावी. तीन वर्षांखालील मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी पुरे. पेस्ट थुंकावयास शिकवावे. फ्लोराइड शरीराबाहेर टाकण्याचे काम मूत्रपिंडच करते, त्यामुळे या मुलांच्या अंगात ते साठू शकते. याच कारणाने फ्लोराइडच्या गोळ्या आपल्या मनाने देऊ नयेत. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतील काही गावांत विंधन विहिरींच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त असते. तेथील पालकांनी आपल्या पाण्याची माहिती डॉक्टरांना अवश्य सांगावी.

४) हिरडीतून रक्त येते म्हणून घासणे बंद करू नये. मऊ ब्रशने, हलक्या हाताने चालू ठेवावे. रक्त थांबत नसेल तर डॉक्टरांना दाखवावे.

५) मिश्री, राखुंडी, कोळसा, विटकरीची पूड यांपैकी काहीही मुलाच्या दातांना लावू नये. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. घरात आजी लावते म्हणून नातवाच्या बोटावर ती येता कामा नये.

६) या आजारात उलट्या होतात. उलटीबरोबर पोटातील आम्ल दातांवर येते. अशा वेळी लगेच ब्रश न करता साध्या पाण्याने चूळ भरावी आणि अर्ध्या-पाऊण तासाने घासावे.

७) मिठाच्या पाण्याच्या गुळण्या लहान मुलाला देऊ नयेत. त्यातील बरेचसे पाणी व मीठ मूल गिळते, आणि या दोन्हींवर त्याला बंधन असते.

८) सहाव्या वर्षी दुधाच्या दाढांच्या मागे एक नवी दाढ येते. तिच्या जागी कोणताही दात पडलेला नसतो, म्हणून पालक तिलाही दुधाची समजतात. ती जन्माची दाढ आहे. तिला जपावे.

दंतवैद्याकडे जाताना

डायलिसिसवरील मुलाचे दात दुखत नसले तरी ते दंतवैद्याला ठरावीक काळाने दाखवावेत. साधारण दर तीन ते सहा महिन्यांनी तपासणी व्हावी. जाताना मूत्रपिंडतज्ज्ञांची चिठ्ठी, औषधांची यादी आणि अलीकडचे रक्ताचे अहवाल बरोबर न्यावेत. पुढील गोष्टी पालकांना ठाऊक असाव्यात.

दिवस कोणता निवडावा : हिमोडायलिसिस घेणाऱ्या मुलाला डायलिसिसच्या दुसऱ्या दिवशी न्यावे. त्या दिवशी हेपॅरिनचा अंमल ओसरलेला असतो, रक्त शुद्ध असते, अंगात जादा पाणी नसते आणि मूलही थकलेले नसते. डायलिसिसच्याच दिवशी दात काढू नये. पोटाचे डायलिसिस घेणाऱ्या मुलाला असे बंधन नसते. मात्र पोट भरलेले असताना खुर्चीत आडवे पडणे त्रासाचे वाटत असेल, तर द्रव काढून टाकून जाण्याबद्दल आपल्या डॉक्टरांना विचारावे.

हात जपावा : ज्या हातावर डायलिसिससाठी फिस्टुला केलेला असतो, त्या हातावर रक्तदाबाचा पट्टा बांधू नये, सुई टोचू नये. हे आई-वडिलांनी प्रत्येक ठिकाणी न संकोचता सांगावे. मोठ्या मुलाला ते स्वतः सांगावयास शिकवावे.

वेदनाशामक औषध : हा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा. डायलिसिसवर असूनही अनेक मुलांना थोडीफार लघवी होत असते. ती उरलेली शक्ती फार मोलाची असते, कारण तेवढे पाणी आणि तेवढा कचरा शरीर स्वतःहून बाहेर टाकते. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारखी औषधे ती शक्ती हिरावून घेऊ शकतात. ॲस्पिरिननेही रक्तस्राव वाढतो. दातदुखीला वजनाप्रमाणे मोजून पॅरासिटामॉल हे सामान्यतः सुरक्षित असते. पण आपल्याकडे पॅरासिटामॉल व आयब्युप्रोफेन एकत्र असलेली पातळ औषधे सर्रास विकली जातात. बाटलीवरील घटकांची नावे वाचल्याशिवाय एक चमचाही देऊ नये.

प्रतिजैविके : जेंटामायसिनसारखी काही प्रतिजैविके मूत्रपिंडाला घातक ठरतात. टेट्रासायक्लीनने लहान मुलांचे बनत असलेले दात कायमचे डागाळतात. ॲमॉक्सिसिलिन चालते, पण त्याची मात्रा किंवा दोन मात्रांमधील अंतर बदलावे लागते. छातीतील नळीवाटे डायलिसिस चालू असेल, तर दात काढण्यापूर्वी प्रतिजैविक द्यावे की नाही हा निर्णय मूत्रपिंडतज्ज्ञ व दंतवैद्य यांनी मिळून घ्यावयाचा असतो. तोंडातील जंतू रक्तात शिरले तर ते अशा नळीवर किंवा हृदयाच्या झडपांवर ठाण मांडू शकतात.

रक्तस्राव : दात काढण्यापूर्वी हिमोग्लोबिन, प्लेटलेट व रक्त गोठण्याची तपासणी पाहतात. दात काढल्यावर टाके घालून आणि गॉजचा बोळा दाबून रक्त थांबवता येते. त्या दिवशी जोराने चुळा भरू नयेत, गरम पदार्थ देऊ नयेत, आणि रक्त थांबल्याची खात्री झाल्याशिवाय दवाखाना सोडू नये. जागा बधिर करण्यासाठी दिले जाणारे लिग्नोकेन योग्य मात्रेत सुरक्षित असते. थोडी तयारी केली तर या मुलांवर बहुतेक सर्व दंतोपचार होऊ शकतात.

प्रत्यारोपणापूर्वी आणि नंतर

मुलासाठी डायलिसिस हा बहुधा वाटेतला मुक्काम असतो, गाठावयाचे असते ते प्रत्यारोपण. आपल्या देशात मानवी अवयव प्रत्यारोपणाचा कायदा १९९४ साली झाला. आई, वडील किंवा जवळचे नातलग मूत्रपिंड देऊ शकतात, तसेच मेंदू मृत झालेल्या व्यक्तीचेही मिळू शकते.

नवे मूत्रपिंड शरीराने नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे द्यावी लागतात. अशा वेळी दाढेच्या मुळाशी दडलेला पू साऱ्या शरीराला धोक्यात आणू शकतो. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी दंतवैद्याचा अहवाल मागतात. दाता तयार आहे, कागदपत्रे पूर्ण आहेत, आणि दाढेखाली गळू आहे म्हणून तारीख पुढे ढकलावी लागली, तर त्या घरावर काय प्रसंग येत असेल याची कल्पना करावी. संशयास्पद दात वाचवण्याच्या खटपटीत न पडता आधीच काढून टाकणे अशा मुलांच्या बाबतीत पुष्कळदा हिताचे असते. ही तपासणी शेवटच्या आठवड्यात न करता डायलिसिस सुरू होतानाच करून घ्यावी.

प्रत्यारोपणानंतर पहिले काही महिने, सामान्यतः सहा महिने, तातडीचे नसलेले दंतोपचार टाळतात. या काळात तोंडात बुरशीचे पांढरे चट्टे येऊ शकतात. सायक्लोस्पोरिन हे औषध चालू असेल तर हिरड्या वाढू शकतात. ब्रश चालू ठेवणे हाच त्यावरचा पहिला उपाय.

आपण काय करू शकतो?

महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिसचा समावेश आहे. २०१६ साली जाहीर झालेल्या पंतप्रधान राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमाखाली जिल्हा रुग्णालयांतून गरीब रुग्णांसाठी ही सोय केली जाते. मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय दंत महाविद्यालये आहेत, तसेच मुंबई महापालिकेचे नायर दंत महाविद्यालय आहे. अशा महाविद्यालयांत मुलांच्या दातांसाठी वेगळा विभाग असतो. सोय आहे, पण तेथपर्यंत पोचवणारा हात हवा असतो.

येथेच सभासदांचे काम सुरू होते. आपल्या वस्तीत असे एखादे मूल असेल तर त्याच्या आई-वडिलांना भेटा. डायलिसिसचे वार विचारून घ्या आणि दुसऱ्या दिवशीची दंतवैद्याची वेळ ठरवून द्या, म्हणजे त्यांची आणखी एक मजुरी फुकट जाणार नाही. शक्य असेल तर बरोबर जा. एका वहीत मुलाचे वजन, औषधे, डायलिसिसचे वार, फिस्टुला कोणत्या हाताला आहे ते, आणि देऊ नयेत अशा औषधांची नावे लिहून द्या. ज्या आईला वाचता येत नाही, तिच्या हातात ही वही असेल तर डॉक्टरसमोर तिला गोंधळून जावे लागणार नाही.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही औषधाच्या बाटलीवरील बारीक अक्षरे वाचू शकता. ती शेजारच्या घरी जाऊन वाचून दाखवा. वर्गातील अशा मुलाजवळ बसा. तुमच्यापैकी जे उद्या दंतवैद्य, परिचारिका, औषधविक्रेते होतील, त्यांनी दारात आलेले असे मूल तपासल्याशिवाय परत पाठवू नये. एक फोन करून मूत्रपिंडतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा आणि उपचार करावेत.

मूत्रपिंडाचा आजार आपल्या हातात नाही, डायलिसिसचे यंत्रही आपल्या हातात नाही. रात्री झोपताना दोन मिनिटे मुलाचे दात घासून देणे मात्र प्रत्येक घराच्या हातात आहे. नव्या मूत्रपिंडाची वाट पाहणाऱ्या मुलासाठी ती दोन मिनिटे आपण रोज काढू या.